एका टीएमसीत किती घरं?

पावसाळा लागला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटी चौकट छापून येते. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला. प्रत्येकापुढे साठा आणि टक्केवारी. चारही धरणं तुडुंब भरली की बेरीज २९.१५ टीएमसी होते. मग खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडल्याची छायाचित्रं येतात आणि शहर वर्षभरासाठी निर्धास्त होतं.

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३२ कोटी. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी मान. त्या हिशेबाने एका माणसाला वर्षाला ४९,२७५ लिटर लागतात. भागाकार केला, तर एका टीएमसीत पावणेसहा लाख माणसांची वर्षभराची सोय होते. २९ टीएमसीत दीड कोटींहून जास्त माणसं मावतील. पुण्याची लोकसंख्या याच्या जवळपासही नाही. तरी एप्रिल-मेमध्ये बाणेरपासून वाघोलीपर्यंत सोसायट्यांच्या फाटकापाशी टँकर उभे असतात.

याचं पहिलं कारण असं की, हे पाणी एकट्या शहराचं नाही. खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झालं, तेव्हाच ते लष्करी छावणीच्या पाण्याबरोबर शेतीसाठीही बांधलेलं होतं. त्याचा मुठा उजवा कालवा पुण्याच्या पोटातून जातो आणि हवेली, दौंड, इंदापूर असा सुमारे २०० किलोमीटर वाहतो. उन्हाळी आवर्तन किती दिवसांचं, टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचणार की नाही, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आणि त्या बैठकीत शहर आणि शेती दरवर्षी समोरासमोर येतात. पाटबंधारे खात्याशी झालेल्या करारात शहराचा वाटा ११.५ टीएमसी होता. शहर प्रत्यक्षात १८ टीएमसीहून अधिक उचलत आलं आहे.

दुसरं कारण जमिनीखाली आहे. ११.५ टीएमसीत, १३५ लिटरच्या मानाने, ६६ लाख माणसांचं भागायला हवं. पण धरणातून निघालेल्या पाण्यापैकी सुमारे ४० टक्के गळतीत आणि बेहिशेबी वापरात जातं, असा महापालिकेचाच अंदाज आहे. तेवढं वजा केलं की उरतात ४० लाख माणसं. दवाखाने, हॉटेलं, कार्यालयं अजून मोजलेलीच नाहीत. शहरात माणसं नेमकी किती, यावरही महापालिका आणि पाटबंधारे खातं यांचं एकमत होत नाही. शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा महापालिका हद्दीत ३१ लाख लोक होते. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात शहराची हद्द दोनदा वाढली: २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३.

ही दोन्ही कारणं पुण्यात सर्वांना ठाऊक आहेत. तिसऱ्याची चर्चा कमी होते, आणि या प्रकरणाचा विषय तोच आहे.

हजार सदनिकांचा एक गृहप्रकल्प घेऊ. घरटी चार माणसं धरली तर ४,००० माणसं, दिवसाला ५.४ लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचं ठरवलं, तर रोज ५४ खेपा. त्या रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी हा आकडा प्रचंड आहे. धरणाच्या हिशेबात मात्र तो वर्षाला ०.००७ टीएमसी होतो. वर्तमानपत्रातल्या चौकटीत दशांश चिन्हापुढे दोनच आकडे छापतात. हा प्रकल्प तिथे दिसणारही नाही.

बांधकाम परवानगीच्या टेबलावर प्रत्येक प्रकल्प असाच येतो, एकेकटा. आराखडा नियमात बसतो, एफएसआयचं शुल्क भरलेलं आहे, अग्निशमन दलाचा दाखला जोडलेला आहे. एवढ्याशा पाण्यासाठी तो अडवायचा कसा? आणि अडवला तर ज्याने गेल्या महिन्यात शेजारच्या सर्व्हे नंबरवर परवानगी घेतली, त्याला का दिली, या प्रश्नाला उत्तर नसतं. मात्र असे १४४ प्रकल्प झाले की एक टीएमसी संपलेला असतो. त्या १४४ जणांना परवानगी एकाच दिवशी, एकाच अधिकाऱ्याने, बहुतेक वेळा एकाच कार्यालयानेही दिलेली नसते. पाणी बेरजेने संपतं आणि परवानगी सुटी सुटी मिळते. पाण्याच्या तुटवड्यात सापडलेल्या कोणत्याही शहराचा कारभार तपासायचा असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: तिथे ही बेरीज कोण ठेवतं?

पुण्याच्या कडेच्या गावांत या प्रश्नाचं उत्तर आणखी अवघड होतं. २०१५ मध्ये पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि गावांतल्या मोठ्या बांधकामांना परवानगी तिथून मिळू लागली. पाणी देणं मात्र त्या त्या ग्रामपंचायतीचं, एमआयडीसीचं किंवा पुढेमागे महापालिकेचं काम. २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, तरी त्यांच्या आराखड्याचं काम सरकारने पीएमआरडीएकडेच ठेवलं. म्हणजे हो म्हणणारा हात वेगळा आणि नळ सोडणारा हात वेगळा.

ही फट बुजवण्यासाठी एक कागद वापरात आला. सार्वजनिक पाणी पोचेपर्यंत रहिवाशांना पुरेसं पाणी आपण स्वखर्चाने पुरवू, असं हमीपत्र बिल्डर लिहून देतो आणि फाइल पुढे सरकते. इमारत उभी राहते, भोगवटा पत्र मिळतं, कुटुंबं राहायला येतात, सोसायटी स्थापन होते. मग हळूहळू टँकरचं बिल सोसायटीच्या मासिक देखभाल खर्चात येऊन बसतं. बिल्डर पुढच्या प्रकल्पावर गेलेला असतो. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या कुटुंबाने घर घेताना पाहिलेला परवानगीचा कागद खरा असतो, आराखडा खरा असतो. त्या कागदामागे पाणी आहे का, हे तपासायचं साधन त्याच्या हाती नसतं. या व्यवहारात सगळ्यात कमी माहिती असलेल्या माणसावर सगळ्यात जास्त जोखीम येते, आणि हे अन्यायाचं आहे.

२०१७ मध्ये हा विषय मुंबई उच्च न्यायालयात पोचला. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आणि पुण्यात बाणेर-बालेवाडीतल्या रहिवाशांना पाणी मिळत नसताना नव्या बांधकामांना परवानग्या कशा मिळतात, असा सवाल याचिकांमधून आला आणि न्यायालयाने दोन्हीकडे नव्या परवानग्यांना मनाई केली. पुढे ती उठली आणि क्रेन पुन्हा फिरू लागल्या. पण त्या काही महिन्यांत जे घडलं ते महत्त्वाचं होतं. आधी असलेल्यांना किती मिळतं, आणि मग नव्यांना किती देता येईल, हा हिशेब महापालिकांना शपथेवर मांडावा लागला. तो त्यांनी आपणहून कधीच मांडायला हवा होता.

हिशेब न मांडण्याची किंमत फक्त पैशात मोजता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी या भागात गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, आणि बोट दूषित पाण्याकडे वळलं. ही गावं खडकवासला धरणाच्या पायथ्याशी आहेत. इमारती तिथे वर्षानुवर्षं वाढल्या, गावं महापालिकेतही आली. पण विहिरीचं पाणी जंतुनाशक टाकून सोडण्यापलीकडे, गाळून शुद्ध केलेलं पाणी त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

बेरीज ठेवण्याचा सगळ्यात गंभीर प्रयत्न ज्या ठिकाणी झाला, ते ठिकाण वाळवंटात आहे. अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य विसाव्या शतकात भूजलावर वाढलं. कापसाची शेती, मग फिनिक्सची उपनगरं; उपसा इतका की जमीन खचून भेगा पडू लागल्या. कोलोरॅडो नदीचं पाणी वाळवंटातून ५४० किलोमीटर आणणारा कालवा केंद्र सरकारच्या पैशातून बांधला जात होता. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे जमीन-पाणी-खनिजं सांभाळणारे मंत्री सेसिल अँड्रस यांनी राज्याला बजावलं: भूजलावर कायदा करा, नाहीतर कालव्याचा पैसा विसरा. गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनी शेतकरी, खाणमालक आणि शहरं यांना एका टेबलाशी बसवून १९८० मध्ये भूजल व्यवस्थापन कायदा करून घेतला.

त्या कायद्यातलं एक कलम जगभरच्या नगररचनाकारांना माहीत आहे. फिनिक्स, टूसॉन यांसारख्या ठरवून दिलेल्या क्षेत्रांत सहा किंवा त्याहून जास्त भूखंड पाडून विकायचे असतील, तर पुढची १०० वर्षं पुरेल एवढं पाणी आधी दाखवायचं. स्वतः दाखवा, किंवा ज्या शहराकडे असं पाणी असल्याचं राज्याने मान्य केलं आहे त्या शहराकडून नळ घ्या. त्याशिवाय भूखंड विकताच येत नाही. प्रश्न विचारण्याची वेळ इथे बदलली. आपल्याकडे पाण्याची विचारणा कुटुंब राहायला आल्यावर सुरू होते. ॲरिझोनात पहिली वीट रचण्याआधी.

या नियमामुळे वाढ थांबेल अशी भीती होती. ती खरी ठरली नाही. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथे १९८० मध्ये १५ लाख लोक होते. २०२० मध्ये ४४ लाख. उलट, पाण्याची खात्री असल्याने बँका आणि कारखाने निर्धास्तपणे आले. १९९३ मध्ये बांधकाम व्यावसायिकांच्या सोयीसाठी एक वाटही काढली गेली: प्रकल्पाच्या जागी भूजल उपसा आणि तेवढंच पाणी दुसरीकडे कुठेतरी जमिनीत मुरवा. कागदावर जमाखर्च जुळत होता. मात्र जिथे उपसा होत होता तिथली पातळी खाली चालली होती, आणि मुरवायला लागणारं पाणी ज्या कोलोरॅडोतून यायचं, ती नदीच आटू लागली.

तरीही राज्याने बेरीज चालू ठेवली, आणि तिचा उपयोग जून २०२३ मध्ये दिसला. राज्याच्या जलसंपदा खात्याने फिनिक्स परिसराच्या भूजलाचं प्रारूप नव्याने चालवलं. आधी दिलेली सगळी प्रमाणपत्रं, चालू विहिरी, शेती, पुनर्भरण, सगळं त्यात घातलं. १०० वर्षांत मागणीच्या ४ टक्के पाणी कमी पडतं, असं उत्तर आलं. ४ टक्के म्हणजे आपल्या मापात सुमारे २१२ टीएमसी. खडकवासला साखळीतली चारही धरणं सात वेळा भरतील एवढं. गव्हर्नर केटी हॉब्स यांनी जाहीर केलं की यापुढे फक्त भूजलावर अवलंबून असलेल्या नव्या वसाहतींना प्रमाणपत्र मिळणार नाही. ज्यांना आधीच प्रमाणपत्र मिळालं होतं त्यांना हात लावला नाही. फटका बसला तो बकाय आणि क्वीन क्रीक अशा, स्वतःचं नदीचं पाणी पुरेसं नसलेल्या कडेच्या गावांना.

इथे थोडं थांबायला हवं. तुटवडा ४ टक्क्यांचा होता, आणि तोही शतकभरात येणारा. तरी सरकार थांबलं, कारण वहीतली बाकी उणे झाली होती. बँकेच्या खात्यात शिल्लक नसताना धनादेश फाडू नये, एवढी साधी शिस्त. पण पाण्याच्या बाबतीत ती पाळणारी सरकारं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

नियमाला फट होती ती सहा या आकड्यात. पाच भूखंड पाडले तर शंभर वर्षांचं पाणी दाखवायची गरज नाही. मग जमीन पाचात तुकडे करून विकायची, घेणाऱ्याने पुन्हा पाच तुकडे करायचे. फिनिक्सजवळच्या रिओ व्हर्डे फूटहिल्सची वस्ती अशीच वाढली. तिथल्या शेकडो घरांना ना नळ होता ना चालणारी विहीर. शेजारच्या स्कॉट्सडेल शहराच्या भरणा केंद्रावरून टँकर यायचे. कोलोरॅडोचं पाणी कमी झाल्यावर स्कॉट्सडेलने हद्दीबाहेरच्या टँकरना पाणी द्यायचं थांबवलं. तारीख होती १ जानेवारी २०२३. मोठमोठ्या बंगल्यांत राहणारी माणसं पावसाचं पाणी बादल्यांत धरून शौचालयासाठी वापरू लागली. राज्याच्या विधिमंडळाला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. शहर आपल्या जागी बरोबर होतं; त्या घरांना त्याने कधी परवानगी दिलीच नव्हती. परवानगी देणारी काउंटी मात्र पाणी देणारी नव्हती. पुण्याच्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये वेगळी रेषा आखली: ५०० किंवा जास्त घरांचा प्रकल्प असेल, तर दुष्काळी वर्षं धरून पुढच्या २० वर्षांचं पाणी दाखवा. २००७ मध्ये रांचो कॉर्डोव्हा गावातल्या सुमारे २२ हजार घरांच्या प्रकल्पाचा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायाधीशांनी म्हटलं की पुढे कधीतरी मिळेल अशा आशेवरचं, कागदावरचं पाणी चालणार नाही. हमीपत्रावर इमारती उभ्या राहणाऱ्या प्रदेशात हा निकाल नगररचनेच्या प्रत्येक कार्यालयात वाचला जायला हवा.

पण नुसतं नाही म्हणणंही फुकट नसतं. त्याच राज्यातल्या बोलिनास या किनारी गावाने १९७१ पासून नव्या नळजोडांवर बंदी घातली. जुने जोड सुमारे ५८०, तेवढेच राहिले. २००५ मध्ये अशा एका जोडाच्या हक्काचा लिलाव झाला आणि बोली गेली ३,१०,००० डॉलरवर. गाव वाचलं, आणि तिथे काम करणाऱ्या सुताराला, शिक्षिकेला, दुकानातल्या नोकराला तिथे घर घेणं अशक्य झालं. घर हीसुद्धा माणसाची गरज आहे, हे पाण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी विसरू नये. पुण्यात नवी सदनिका घेणाऱ्यांमध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या दुष्काळी गावांतून पोट भरायला आलेली कुटुंबंही आहेत.

इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्समध्ये, या दोन टोकांमधली वाट काढायचा प्रयत्न झाला. पाणथळ भागातल्या दुर्मीळ गोगलगायींना भूजल उपशाचा धोका आहे, असं तिथल्या निसर्गरक्षण संस्थेने २०२१ मध्ये कळवल्यावर हॉर्शम, क्रॉली, चिचेस्टर भागांतली नवी घरं अडकली. नगरपालिकांनी अट घातली: नव्या घरात माणशी ८५ लिटर पुरतील अशी रचना करा, आणि तेवढे ८५ लिटरही जुन्या घरांत, शाळांत गळती काढून, नळ बदलून वाचवून दाखवा. एकूण उपसा होता तेवढाच राहिला पाहिजे. यातून एका घरालाही सूट नव्हती. बांधकामं मंदावली, बिल्डर वैतागले. पण सहा किंवा पाचशे अशी रेषा नसल्याने तिच्या खालून निसटायची सोयही उरली नाही.

पुण्यात अशी अट घातली तर तिला खूप वाव आहे, कारण वाचवण्याजोगं पाणी इथे भरपूर आहे. ४० टक्क्यांची गळती अर्धी केली, तरी शहराच्या सध्याच्या उचलीतले साडेतीन टीएमसी हाती लागतात; वीस लाख माणसांचं पाणी. चोवीस तास पाणीपुरवठा योजनेतल्या ८२ टाक्या, नव्या जलवाहिन्या आणि मीटर यांचं काम याचसाठी सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. नव्या प्रकल्पाची परवानगी नव्या धरणाशी न जोडता या कामाशी जोडता येईल: ज्या विभागात गळती इतकी उतरली, तिथे तेवढीच नवी घरं.

धरणातून जास्त पाणी आणण्याचा मार्गही सोपा नाही, हे शेजारच्या पिंपरी-चिंचवडने पाहिलं आहे. पवना धरणातून बंद जलवाहिनीने पाणी आणायला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या पोलीस गोळीबारात तिघांचा जीव गेला आणि प्रकल्प बारा वर्षं थांबला. शहर मात्र थांबलं नाही. नोव्हेंबर २०१९ पासून तिथे दिवसाआड पाणी आहे, आणि त्याच काळात वाकड, रावेत, मोशीत मनोरे उठत राहिले.

शहराने जास्त पाणी उचललं, तर ते कुणाचं तरी कमी होतं. पुण्याने यावर एक अदलाबदल मान्य केली आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून ६.५ टीएमसी शुद्ध केलेलं सांडपाणी जुन्या बेबी कालव्यात सोडायचं आणि ते दौंडकडच्या शेतीला द्यायचं. कल्पना चांगली आहे. पाणी दोनदा वापरलं जातं. पण पुरेसं शुद्ध न झालेलं पाणी कालव्यात येतं, विहिरी खराब होतात, ही लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. जपानच्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची, बांधायचं २०१६ मध्ये ठरलं. मधल्या वर्षांत घरं त्यांच्या कितीतरी पुढे निघून गेली.

घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी मोरीतून बाहेर पडतं, असं अभियंते धरून चालतात. म्हणजे हजार सदनिकांच्या त्या प्रकल्पातून रोज ४.३ लाख लिटर. ते कोणत्या केंद्रात जाणार, तिथे आधीच्या सगळ्या परवानग्या वजा करून किती जागा शिल्लक आहे, आणि तिथून निघालेलं पाणी दौंडच्या उसाला चालेल का, असे तीन रकाने असलेला एक तक्ता बांधकाम परवानगीच्या अर्जाला जोडता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आकडे महापालिकेच्या वेगवेगळ्या खात्यांत पडून आहेत. ते एका कागदावर आणायचे आहेत.